रेकॉर्ड सील झाले म्हणजे बंदुकीवरची बंदी उठली का? अमेरिकेतील नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत एखादा जुना फौजदारी खटला न्यायालयाच्या हुकमाने सील झाला, म्हणजे त्याची नोंद इतरांच्या नजरेआड केली गेली, की तो विषय कायमचा मिटला असे बहुतेकांना वाटते. नोकरीच्या अर्जापुरते किंवा भाड्याचे घर मिळवण्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही असते. बंदुकीच्या बाबतीत मात्र हा समज महागात पडू शकतो. नोंद कोणाला दिसावी हा एक प्रश्न आहे आणि त्या नोंदीमुळे लागलेली बंदी उठली की नाही हा दुसरा. सील करण्याचा हुकूम पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्याचे देईलच असे नाही. या दोहोंची गल्लत करून माणूस बंदुकीच्या दुकानात जातो, ‘कधी दोषी ठरला आहात का’ या फॉर्मवरील प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण करून सही करतो, आणि जुन्या किरकोळ प्रकरणापायी नवा, पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा ओढवून घेतो.

पुढील लेख अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. बंदूक बाळगावी की नाही, हा वाद येथे नाही. फौजदारी कायदे पन्नास राज्यांचे पन्नास, त्यांवर फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा वेगळा. त्यामुळे येथे प्रत्येक प्रकरणाचे उत्तर मिळणार नाही, परंतु कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता नंतर, हे कळेल. अखेरचा सल्ला ज्या राज्यात खटला चालला तेथील वकिलाचाच घ्यावा. ज्या राज्यात आपण आज राहतो तेथील वकील त्या हुकमाचा अर्थ सांगू शकेलच असे नाही.

पहिली पायरी : आधी स्वतःचा व्हिसा पाहा

खटल्याचा विचार करण्यापूर्वी हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांचा प्रश्न येथेच संपतो. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि त्यांच्या कुटुंबीयांचे एच-४ वगैरे व्हिसा असलेल्या व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. नोंद कोरी करकरीत असली तरी ही मनाई लागू होते. अपवाद थोडे आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून एच-१बीवरील माणूस या मनाईतून सुटत नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावर मात्र ही विशिष्ट मनाई लागू राहत नाही आणि मग जुन्या खटल्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक तासभर हाती धरणे हेही कायद्याच्या दृष्टीने बाळगणेच होय. संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर आलेला आणि विद्यापीठाने नाव काढून टाकल्यावरही देशात राहिलेला एक तरुण फ्लोरिडातील रेंजवर नेमबाजी करून आला, आणि त्याच्यावर फेडरल खटला झाला. ‘रेहैफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे ठरवले की आपण मनाई असलेल्या वर्गात मोडतो याची आरोपीला जाणीव होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. निकाल त्याच्या बाजूने लागला खरा, पण तिथवर पोहोचेपर्यंत त्याने जे भोगले ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

दुसरी पायरी : खटल्याचे कागद मागवा, आठवणीवर विसंबू नका

‘काही नाही हो, दंड भरून सुटलो होतो’ हे वाक्य वकिलांच्या कचेरीत फार ऐकू येते. बंदुकीच्या कायद्याला मात्र प्रत्यक्षात किती शिक्षा झाली यात रस नसतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टची कसोटी अशी आहे की ज्या गुन्ह्यासाठी एक वर्षापेक्षा अधिक कैद होऊ शकली असती, त्यात दोषी ठरलेल्या माणसाने बंदूक वा काडतूस बाळगू नये. राज्याने ज्याला मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) म्हटले आहे आणि ज्याची कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंतच आहे, असा गुन्हा यातून वगळला आहे. बेकायदा मक्तेदारीसारखे व्यापार-नियमनाचे काही गुन्हेही वगळले आहेत.

ही कसोटी कागदावर साधी दिसते, पण फसवते. मॅसॅच्युसेट्समध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला अडीच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेथे तो मिसडिमीनरच समजला जातो, परंतु अडीच वर्षे ही दोनपेक्षा जास्त असल्याने एक दिवसही तुरुंगात न गेलेला माणूस फेडरल बंदीत अडकतो. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेथील एका रहिवाशाने १९९५ साली फूड स्टॅम्प (गरिबांसाठीची सरकारी अन्न-मदत) मिळवण्यासाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिली, त्याला केवळ प्रोबेशन (तुरुंगाऐवजी ठरावीक काळ देखरेख) मिळाले, आणि पुढे बंदूक घ्यायला गेल्यावर त्याला आपल्यावर जन्मभराची बंदी असल्याचे कळले. ‘रेंज’ नावाच्या या खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या (काही राज्यांच्या विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या अखेरीस ही बंदी त्याच्यापुरती घटनाबाह्य ठरवली. परंतु ‘त्याच्यापुरती’ हा शब्द येथे नीट वाचावा. त्या निकालावर विसंबून दुसऱ्या कोणी स्वतःहून बंदूक खरेदी करणे हे अविचाराचे ठरेल.

म्हणून न्यायालयाच्या क्लार्क ऑफिसातून निकालपत्राची प्रमाणित प्रत मागवावी. तिला तेथे डिस्पोझिशन म्हणतात. या कागदावर केस नंबराखाली मूळ आरोपाचे कलम असते आणि त्याच्या शेजारी ज्या आरोपावर निकाल लागला ते कलम असते. ही दोन कलमे पुष्कळदा वेगवेगळी असतात, कारण सरकारी वकिलाशी तडजोड होऊन मोठा आरोप लहान केलेला असतो. आपल्याला हवे ते दुसरे कलम. त्यावरून त्या काळी लागू असलेली कमाल शिक्षा शोधायची. न्यू जर्सीतील वाचकांना कागदावर फेलनी (गंभीर गुन्हा) आणि मिसडिमीनर हे शब्द सापडणार नाहीत. तेथे इंडायटेबल (गंभीर) गुन्हे आणि डिसऑर्डर्ली पर्सन्स (किरकोळ) गुन्हे अशी विभागणी आहे. तेव्हा नावावरून निष्कर्ष काढू नये, शिक्षेची मुदत पाहावी.

याच कागदावर आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे मुळात दोषसिद्धी झाली होती की नाही. खटला काढून टाकला गेला असेल किंवा निर्दोष सुटका झाली असेल, तर त्या प्रकरणाने बंदुकीवर बंदी येतच नाही, मग नोंद सील झालेली असो वा नसो. गुन्हा कबूल करवून निकाल लांबणीवर टाकण्याच्या ज्या योजना निरनिराळ्या राज्यांत आहेत, त्यांचा परिणाम त्या त्या राज्याच्या कायद्याने ठरतो. आणि गंभीर आरोपाचे दोषारोपपत्र प्रलंबित असताना नवी बंदूक घेता येत नाही, आधीची जवळ असणे फेडरल कायद्याने चालत असले तरी.

भारतात झालेल्या शिक्षेचे काय, हा प्रश्न आपल्या लोकांना साहजिकच पडतो. ‘स्मॉल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असे ठरवले की कायद्यातील ‘कोणत्याही न्यायालयात’ दोषी ठरणे म्हणजे अमेरिकेतील न्यायालयात दोषी ठरणे. त्या प्रकरणातील शिक्षा जपानमधील होती. त्यामुळे पुण्यातील किंवा पणजीतील जुन्या शिक्षेने ही फेडरल बंदी लागू होत नाही. राज्याचा परवाना अधिकारी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू शकतो आणि इमिग्रेशन खाते तर पाहतेच. जाता जाता एवढे सांगायला हवे की भारतातील पद्धतीवरून येथील अंदाज बांधू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदूक ही परवान्याची बाब आहे, आणि हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे ती मिळवता येत नाही; काळ उलटला की निदान ती अडचण उरत नाही. अमेरिकेतील फेडरल बंदी काळाच्या ओघात आपोआप संपत नाही.

तिसरी पायरी : हुकमात नेमके काय लिहिले आहे ते वाचा

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आजचा नियम त्यातूनच आला. आयोवा राज्यात एका इसमाने लपवून पिस्तूल बाळगल्याचा गुन्हा कबूल केला, प्रोबेशन पार पाडले आणि राज्याने त्याची नोंद पुसून टाकली. तो ज्या कंपनीचा अध्यक्ष होता तिने पुढे शस्त्रविक्रीचे परवाने घेतले, आणि त्यावरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ‘न्यू बॅनर’ खटल्यात सांगितले की राज्याने नोंद पुसली तरी फेडरल कायद्यापुरती दोषसिद्धी उरतेच. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, हे रुचले नाही. तिने १९८६ साली कायदा बदलला आणि सध्याचा नियम घातला: दोषसिद्धी म्हणजे काय हे खटला चाललेल्या ठिकाणच्या कायद्याने ठरेल, आणि जी दोषसिद्धी पुसली गेली आहे, रद्दबातल झाली आहे, जिच्याबद्दल माफी मिळाली आहे किंवा जिच्यानंतर नागरी हक्क परत मिळाले आहेत, ती बंदीसाठी मोजली जाणार नाही, मात्र त्या हुकमाने किंवा माफीने बंदूक बाळगू नये असे स्पष्ट म्हटलेले नसावे.

या यादीत चार गोष्टी आहेत आणि सील करणे त्यांत नाही. सगळा गोंधळ येथूनच निघतो. काही राज्यांत नोंद पुसण्याच्या हुकमाने प्रत्यक्षात नोंद केवळ सील होते, तर काहींत वेगळ्याच नावाच्या हुकमाने दोषसिद्धी पूर्णपणे रद्द होते. त्यामुळे हुकमाच्या शीर्षकाकडे न पाहता त्याचा परिणाम पाहायचा. दोषसिद्धी उरली आहे की गेली? पुढे दुसरा गुन्हा झाल्यास न्यायाधीश ही जुनी शिक्षा जमेस धरू शकतात का? पोलिसांना आणि परवाना अधिकाऱ्यांना नोंद दिसते का? ती दिसत असेल आणि पुढील शिक्षा वाढवण्यासाठी वापरता येत असेल, तर हुकमाने फक्त पडदा ओढला, असे समजून पुढे चालावे.

वायोमिंग राज्याने याची परीक्षाच घेऊन पाहिली. कौटुंबिक हिंसेच्या मिसडिमीनरची नोंद केवळ बंदुकीचे हक्क परत देण्यापुरती पुसण्याची सोय त्या राज्याने कायद्यात केली. बाकी सर्व कामांसाठी नोंद तशीच ठेवली. फेडरल शस्त्र-नियंत्रण यंत्रणेने, म्हणजे एटीएफने, हे मानण्यास नकार दिला आणि २००८ मध्ये दहाव्या सर्किटच्या न्यायालयाने एटीएफची बाजू उचलून धरली. पुसणे म्हणजे खरोखर पुसले गेले पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा आहे. माझ्या मते सील केलेल्या रेकॉर्डवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवावा, कारण तेथे राज्य स्वतः ‘हक्क परत दिले’ असे म्हणत होते आणि तेवढ्याने भागले नाही.

नागरी हक्क परत मिळण्याच्या मार्गात दोन खाचखळगे आहेत. १९९८ च्या ‘कॅरन’ खटल्यात मॅसॅच्युसेट्सने एका दोषी इसमाला रायफल बाळगण्याची मुभा दिली होती, पण हँडगनवर निर्बंध ठेवले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की निर्बंध अंशतः असला तरी फेडरल बंदी सर्व बंदुकांवर लागू राहते. २००७ च्या ‘लोगन’ खटल्यात ठरले की ज्याचे नागरी हक्क कधी गेलेच नाहीत, त्याचे ते परत मिळाले असे म्हणता येत नाही. येथे नागरी हक्क म्हणजे मतदान, सार्वजनिक पद आणि ज्युरीत बसणे. ग्रीन कार्डधारकाला मतदानाचा हक्क मुळातच नसतो, त्यामुळे लोगनचा तर्क पाहता हा रस्ता त्याच्यासाठी अवघड आहे आणि त्याने पुसणे, रद्द करणे किंवा माफी याच वाटा आधी तपासाव्यात.

चौथी पायरी : राज्याची बंदी निराळी मोजा

फेडरल बंदी उठली तरी राज्याची राहू शकते, आणि उलटही घडते. टेक्सासमध्ये फेलनीची शिक्षा वा देखरेख संपून पाच वर्षे झाली की राज्याचा कायदा स्वतःच्या घरात बंदूक ठेवू देतो. फेडरल कायदा देत नाही. शेरीफ (स्थानिक पोलीस प्रमुख) काही म्हणणार नाही, म्हणून फेडरल सरकारी वकीलही काही म्हणणार नाही, हा भ्रम आहे.

कॅलिफोर्नियात प्रोबेशन नीट पार पाडलेल्या माणसाला दंडसंहितेच्या कलम १२०३.४ खाली खटला काढून टाकून घेता येतो आणि लोक त्यालाच सर्रास एक्सपंजमेंट (नोंद पुसणे) म्हणतात. त्याच कलमात लिहिले आहे की या हुकमाने बंदूक बाळगण्याची परवानगी मिळत नाही. तेथे उपयोगी पडते ते कलम १७(ब): जे गुन्हे फेलनी किंवा मिसडिमीनर कोणत्याही स्वरूपात चालवता येतात, त्यांतील फेलनी खाली आणून मिसडिमीनर करून घेणे. त्यानंतरही मारहाण, धमकी यांसारख्या अनेक मिसडिमीनरवर राज्याची दहा वर्षांची स्वतंत्र बंदी असते, हे विसरू नये. आधी १७(ब) आणि मग १२०३.४, अशी मागणी एकाच अर्जात करता येते का, हे वकिलाला जरूर विचारावे.

न्यूयॉर्कचा क्लीन स्लेट कायदा १६ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला आहे. त्यानुसार मिसडिमीनर तीन वर्षांनी आणि बहुतेक फेलनी आठ वर्षांनी, नवा गुन्हा नसेल तर, आपोआप सील व्हायच्या आहेत. न्यायालयांना हे काम उरकण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. परंतु बंदुकीचा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सील झालेली नोंद पाहता येते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. इलिनॉयमध्येही सील झालेली नोंद पोलिसांना दिसते, आणि तेथे बंदूक किंवा नुसती काडतुसे बाळगायलासुद्धा राज्य पोलिसांचे फॉइड कार्ड (बंदूकधारकाचे ओळखपत्र) लागते. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली देशातील पहिला क्लीन स्लेट कायदा केला. तेथेही आपोआप होणाऱ्या सीलने बंदुकीवरची बंदी उठत नाही. सर्वसामान्य अनुभव असा की जे आपोआप आणि फुकट मिळते, त्याने बंदूक परत मिळत नाही. वॉशिंग्टन राज्यात तर बंदुकीचे हक्क परत मागण्यासाठी न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो, रेकॉर्डचे काय झाले ते बाजूलाच राहते.

न्यू जर्सीचा कायदा या मानाने उदार आहे. तेथे एक्सपंजमेंट झाल्यावर, काही ठरावीक अपवाद वगळता, ती अटक आणि दोषसिद्धी घडलीच नाही असे मानले जाते. तरीही बंदूक घेण्यासाठीचे ओळखपत्र गावच्या पोलीस प्रमुखाकडून मिळते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून अर्ज नाकारण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे. नकार मिळाल्यास न्यायालयात दाद मागता येते.

पाचवी पायरी : घरगुती भांडणाचा खटला असेल तर येथे थांबा

हा विषय आपल्या समाजात दबक्या आवाजात बोलला जातो, म्हणूनच तो मोकळेपणाने लिहिणे आवश्यक आहे. नवरा-बायकोचे भांडण विकोपाला जाते, शेजारी ९११ ला फोन करतात, आणि दोघांनी ‘आता मिटले आहे’ असे सांगूनही पोलीस एकाला बेड्या घालून नेतात, कारण अनेक राज्यांत अशा वेळी अटक करणे पोलिसांना बंधनकारक असते. पुढे किरकोळ मारहाणीचा गुन्हा कबूल करून माणूस घरी येतो. १९९६ च्या लॉटनबर्ग दुरुस्तीनुसार कौटुंबिक हिंसेच्या मिसडिमीनरमध्ये दोषी ठरलेल्यावर फेडरल बंदी येते. येथे एक वर्षाची किंवा दोन वर्षांची कसोटी लागत नाही.

ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्यात ‘कौटुंबिक’ हा शब्द असण्याचीही गरज नाही. पीडित व्यक्ती पत्नी, पती, मुलांची आई किंवा त्याच घरात जोडीदार म्हणून राहणारी होती एवढे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘हेज’ खटल्यात सांगितले. आणि ‘कॅसलमन’ खटल्यात २०१४ साली असेही सांगितले की दुखापत झालीच पाहिजे असे नाही, अपमानकारक धक्काबुक्कीदेखील चालते. म्हणून गुन्हा कबूल करण्यापूर्वीच वकिलाला बंदुकीचा आणि ग्रीन कार्डाचा प्रश्न विचारावा. नंतर सील करून घेण्यापेक्षा आधी योग्य कलमावर तडजोड करणे फार सोपे असते.

ही बंदी उठण्याचा मार्गही तोच, म्हणजे पुसणे, रद्द करणे, माफी. २०२२ च्या कायद्याने एक छोटी सवलत दिली आहे: लग्न झालेले नाही, एकत्र राहणे नाही, मूल नाही, केवळ प्रेमसंबंध होता, अशा व्यक्तीविरुद्धचा एकच गुन्हा असेल, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनी, मध्ये काही घडले नसल्यास, बंदी संपते. विवाहितांना ही सवलत नाही.

न्यायालयाचा संरक्षण आदेश सध्या लागू असेल, तर त्याची बंदी निराळी, आणि तो आदेश असेपर्यंतची. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ‘रहीमी’ खटल्यात ती वैध ठरवली आहे.

सहावी पायरी : सील होण्याआधी प्रती काढून ठेवा

ऐकायला विचित्र वाटेल, पण नोंद सील झाल्यावर तिची प्रत मिळवणे खुद्द आपल्यालाच कठीण होऊन बसते. म्हणून अर्ज दाखल करण्यापूर्वी डिस्पोझिशनच्या, आरोपपत्राच्या आणि शिक्षा पूर्ण झाल्याच्या दाखल्याच्या शिक्क्यासह दोन-तीन प्रमाणित प्रती काढाव्यात. हुकूम मिळाला की त्याच्याही घ्याव्यात. एफबीआयकडून स्वतःच्या नोंदीचा गोषवारा बोटांचे ठसे पाठवून १८ डॉलरमध्ये मागवता येतो. हुकमानंतर काही महिन्यांनी तो मागवून पाहावा. राज्याने एफबीआयला बदल कळवलेला नसेल तर तो तेथे दिसेल आणि हुकमाची प्रत जोडून दुरुस्ती मागता येईल.

स्थलांतरितांसाठी या प्रतींचे महत्त्व दुप्पट आहे. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात सील झालेल्या किंवा पुसलेल्या अटकादेखील सांगाव्या लागतात. इमिग्रेशन कायद्याची दोषसिद्धीची व्याख्या स्वतंत्र आहे: गुन्ह्याची कबुली आणि सोबत कोणतीही शिक्षा वा बंधन असले, की राज्याने पुढे नोंद पुसली तरी त्या कायद्यापुरती दोषसिद्धी सहसा उरतेच. बंदुकीशी निगडित गुन्ह्यावरून ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. थोडक्यात, एकाच हुकमाने बंदुकीपुरती दोषसिद्धी नाहीशी होऊ शकते आणि इमिग्रेशनपुरती शिल्लक राहू शकते, त्यामुळे फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्यावा.

सातवी पायरी : दुकानातला फॉर्म

परवानाधारक दुकानदार एटीएफचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो. त्यात ‘न्यायाधीश एक वर्षापेक्षा अधिक कैद देऊ शकले असते अशा गुन्ह्यात आपण कधी दोषी ठरला आहात का, प्रत्यक्षात कमी शिक्षा किंवा प्रोबेशन मिळाले असले तरी’ अशा आशयाचा प्रश्न आहे. फेडरल कायद्याने न मोजल्या जाणाऱ्या दोषसिद्धीबद्दल ‘नाही’ लिहिता येते, असे फॉर्मच्या मागील सूचनांत म्हटले आहे. पण ते ठरवण्याची जागा दुकानाचा काउंटर नव्हे. आपला हुकूम त्या अपवादात बसतो असे वकिलाने लेखी दिल्यावरच तेथे जावे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास दहा वर्षांपर्यंत आणि मनाई असताना बंदूक बाळगल्यास, २०२२ च्या बदलानंतर, पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी तो वापरणाऱ्याला फेडरल मनाई आहे, ही सूचनाही त्याच फॉर्मवर ठळक छापलेली असते.

फॉर्म भरल्यावर दुकानदार पडताळणी करतो. नोव्हेंबर १९९८ पासून चालू असलेली ही निक्स यंत्रणा एफबीआय वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गहून चालवते. कॅलिफोर्निया, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी यांसारखी राज्ये स्वतःची यंत्रणा मध्ये ठेवून तपासतात. उत्तर तीनपैकी एक येते: विक्री करा, थांबा, किंवा नकार. ‘थांबा’ म्हणजे बहुधा जुन्या अटकेची नोंद आहे पण तिचा निकाल संगणकावर सापडत नाही. खटला काढून टाकला गेला होता अशांना हा त्रास विशेष होतो. तीन कामकाजी दिवसांत निर्णय न झाल्यास फेडरल कायदा दुकानदाराला विक्रीची मुभा देतो. एकवीस वर्षांखालील ग्राहकासाठी ही मुदत दहा कामकाजी दिवसांपर्यंत वाढू शकते आणि काही राज्यांचे नियम अधिक कडक आहेत. मुदत संपली म्हणून मिळालेली बंदूक ही हक्क शाबीत झाल्याचा पुरावा नव्हे.

नकार आल्यास दुकानदाराशी हुज्जत घालू नये. त्याला कारण माहीत नसते. त्याच्याकडून व्यवहार क्रमांक घ्यावा, एफबीआयकडे किंवा राज्याच्या यंत्रणेकडे कारण मागावे, आणि प्रमाणित प्रती जोडून अपील करावे. अपील मान्य झाल्यानंतर, किंवा वारंवार ‘थांबा’ येत असल्यास, एफबीआयच्या स्वेच्छा फाइलमध्ये आपली कागदपत्रे ठेवून एक ओळख क्रमांक घेता येतो, तो पुढील प्रत्येक फॉर्मवर लिहायचा.

हे सर्व मार्गी लागेपर्यंत घरात दुसऱ्या कोणाची बंदूक असेल तर तिचीही व्यवस्था लावावी. पत्नीच्या नावावरची बंदूक शयनगृहातील उघड्या कपाटात असेल, तर मनाई असलेल्या पतीचाही तिच्यावर ताबा होता असा आरोप होऊ शकतो. ती तिच्याच ताब्यातील कुलूपबंद तिजोरीत, किल्ली तिच्याचपाशी, अशी ठेवावी. घराबाहेर हलवली तर उत्तम.

शिक्षा फेडरल न्यायालयाची असेल तर

मग राज्याच्या सीलचा किंवा माफीचा उपयोग नाही. फेडरल दोषसिद्धी फेडरल कायद्यानेच पुसली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘बीचम’ खटल्यात सांगितले आहे, आणि जुन्या फेडरल शिक्षा सील करून देणारा सर्वसाधारण कायदा नाही. कर, आरोग्य विमा किंवा व्हिसा यांतील लबाडीचे बहुतेक खटले फेडरल असतात, हे येथे लक्षात घ्यावे. राष्ट्राध्यक्षांची माफी हा एक मार्ग. दुसरा मार्ग कायद्यात पूर्वीपासून आहे: बंदी उठवण्याचा वैयक्तिक अर्ज. पण काँग्रेसने १९९२ पासून एटीएफला अशा अर्जांवर खर्च करण्यास मनाई केल्याने ते दार तीन दशके बंद होते. २०२५ मध्ये न्याय खात्याने हा अधिकार एटीएफकडून काढून ॲटर्नी जनरलकडे (न्याय खात्याच्या प्रमुखाकडे) घेतला, काही निवडक व्यक्तींवरची बंदी उठवली आणि जुलैमध्ये अर्जांसाठी नवी नियमावली प्रस्तावित केली. अर्ज करण्यापूर्वी त्या नियमावलीची त्या दिवशीची स्थिती न्याय खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी, आणि परवानगीचा लेखी हुकूम हाती येईपर्यंत काडतुसाचे खोकेही घरात ठेवू नये.